साडी गार्ड काढताना

माझ्या मोटरसायकलवर एके काळी अकरा जास्तीच्या वस्तू होत्या. त्यांतली एकही मी हौसेने लावलेली नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. कारण गाड्या सजवणाऱ्यांविषयी माझ्या मनात तेव्हा तुच्छता होती. चौफुल्यावर संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्या मी पाहत असे. कुणी सायलेन्सर बदललेला, कुणी टाकीवर वाघ काढून घेतलेला, कुणाच्या नंबरपाटीवर नंबरापेक्षा आडनाव मोठे. या बदलांमुळे गाडीच्या कामात तिळमात्र फरक पडत नाही, म्हणून ते निरर्थक, असा माझा निष्कर्ष होता. माझ्या बदलांना कारणे होती. प्रत्येकामागे एक निरीक्षण होते आणि प्रत्येकाची वहीत नोंद होती. हा फरक मला फार मोठा वाटत असे.

मी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. राहते केडगावला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका खोलीत. गाव कवठे येमाई. म्हणजे रोजचा रस्ता केडगाव, चौफुला, कुरकुंभ आणि परत. आणि सुटीचा रस्ता चौफुल्यावरून उलट्या अंगाला, न्हावरा, शिरूर आणि तिथून पुढे गावापर्यंत. पाळ्या तीन, दर आठवड्याला बदलणाऱ्या. वडील मी शाळेत असतानाच गेले. शेत आई आणि शेजारचे चुलते मिळून करतात. थोडी शेवंती, थोडा झेंडू, बाकी भाजीपाला.

मला पाळीच्या कामातून बाहेर पडायचे होते. नमुने तपासून त्यांवर सही करण्याऐवजी तपासण्याच्या पद्धती जिथे तयार होतात त्या विभागात जायचे होते, आणि जमल्यास नोकरी करता करता पीएचडी करायची होती. त्यासाठी रोज दीड तास वाचन आवश्यक आहे, असे मी ठरवले. दीड तास वेळ माझ्याकडे होता. त्या वेळात वाचू शकेल असे डोके मात्र घरी येईपर्यंत शिल्लक राहत नसे. पुस्तक उघडे असे, मी त्याच्यासमोर बसलेली असे, आणि एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही त्यातली अभिक्रिया कुठे सुरू होते ते कळत नसे. हा थकवा येतो कुठून, याचा मी पद्धतशीर विचार केला. प्रयोगशाळेतले काम बदलता येत नव्हते. पाळी बदलता येत नव्हती. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे गाडी. म्हणून थकव्याचे कारण गाडी आहे, असे मी धरून चालले.

हा तर्क चुकीचा आहे, हे आज एका वाक्यात लिहिता येते. जे आपल्याला बदलता येते तेच कारण असले पाहिजे, असा काही नियम नाही. परंतु तेव्हा मी वही घेतली, रोज घरी आल्यावर थकव्याला एक ते दहापैकी एक आकडा द्यायला सुरुवात केली, आणि एकेक बदल करत गेले.

छातीवर आदळणारा वारा दमवतो, म्हणून समोर काच लावली. पाठ वाकते, म्हणून हँडल दोन बोटे उंच करून घेतले. सीटवर जेलची गादी. दुसऱ्या पाळीहून परतताना महामार्गावर बंद पडलेले ट्रक दिसावेत म्हणून पिवळे फॉग लाइट, ते झेपावेत म्हणून वेगळी वायरिंग आणि वेगळा स्विच. मोबाइल अडकवायचा होल्डर, त्याला चार्जर. पुढे क्रॅश गार्ड. हँडलवर हातांना वारा लागू नये म्हणून दोन कवचे. प्रत्येक बदलानंतर पहिले तीन-चार दिवस वहीतला आकडा सातावरून सहावर येई आणि मग परत सातावर जाऊन बसे. नव्या वस्तूचा आनंद तेवढाच टिकतो, याचा तो अगदी स्वच्छ पुरावा होता. मी तो वाचला नाही. मी पुढची वस्तू शोधली.

गाडीचे काम चौफुल्याजवळचे एक मिस्त्री करत. पन्नाशीचे, बारीक, सतत डोळे बारीक करून बोलणारे. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणे. ते मला मॅडम म्हणत, कारण पहिल्याच दिवशी मी त्यांना कोणता नट किती घट्ट करायचा याचा कंपनीने दिलेला आकडा वाचून दाखवला होता.

"म्याडम, आजून काय ऱ्हायलं?" ते एकदा म्हणाले. "छताला पंखा बसवू का गाडीच्या?"

"बॉक्स बसवायचेत, आप्पा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना."

"लांबच्या टूरला जातात त्या पोरांवानी?"

"सामान असतं हो. सेफ्टी शूज, रेनकोट, लॅपटॉप, पुस्तकं. गावाहून येताना भाजी. पाठीवर सॅक घेऊन खांदे जातात."

"बसवू की. न्हाई कोण म्हणतं? पर ह्यो नडतोय." त्यांनी पान्याने मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची जाळी ठोकली. साडी गार्ड. चाकात पदर जाऊ नये म्हणून प्रत्येक गाडीला कारखान्यातूनच येणारी ती लोखंडी जाळी आणि तिच्या खाली एका बाजूला बसणाऱ्या बाईने दोन्ही पाय ठेवायची पट्टी. "ह्याच्यावर बॉक्स बसत न्हाई. आन् नुसता नट खोलून भागायचं न्हाई, चेसिचं हे दोन कान बी कापाय लागत्याल."

"कापा."

त्यांनी ग्राइंडर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "घरी साडीतलं कुणी बसतं का मागं?"

"नाही."

"कोणच न्हाई?"

"नाही हो, आप्पा. मी एकटीच असते गाडीवर."

"बघा हां. कापल्यावर मला म्हणू नका."

मी खोटे बोलत नव्हते, असे मला वाटते. मी हिशेबाने बोलत होते. वर्षभरातल्या माझ्या सगळ्या फेऱ्या मांडल्या असत्या, तर आई मागे बसलेल्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या असत्या. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात अशुद्धी इतकी कमी असते की यंत्राला ती दिसत नाही. अशा वेळी आम्ही अहवालात 'नाही' असे लिहीत नाही, 'आढळले नाही' असे लिहितो. हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः पहिल्या आठवड्यात शिकवते. यंत्राला दिसले नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडते. आप्पांना उत्तर देताना मात्र मी सरळ 'नाही' म्हणाले.

ठिणग्या उडाल्या, जाळी धरून ठेवणारे सांगाड्याचे दोन कान खाली पडले. आप्पांनी कापलेल्या जागेवर काळा रंग फासला. दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे दोन बॉक्स बसले, कुलपाचे, पावसाला दाद न देणारे. मी खांदे मोकळे सोडून केडगावला आले. त्या दिवशी वहीत सहा लिहिले.

कारखान्यात पाइपच्या जोडातल्या साध्या गॅस्केटचा प्रकार बदलायचा असला तरी आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. काय बदलणार, का बदलणार, कुणाकुणावर परिणाम होईल, आणि बदल फसला तर मागे कसे यायचे. चार विभागांच्या सह्या झाल्याशिवाय पान्याला हात लावता येत नाही. या फॉर्मला सगळे कंटाळतात, मीही कंटाळते. पण शेवटचे दोन रकाने कुणीतरी फार विचार करून घातलेले आहेत. गाडीच्या माझ्या वहीत पहिले दोन रकाने होते, पुढचे दोन नव्हते. त्यामुळे गाडीवर बदल किती करावेत, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या काळात एवढेच होते की, कारण सापडेल तोवर. आणि दमलेल्या माणसाला कारणे फार सापडतात.

आईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू मरते, दुखत काही नाही. त्यावर रोज रात्री एक थेंब आणि दर दोन-अडीच महिन्यांनी शिरूरच्या डॉक्टरांकडे दाब मोजून घेणे, एवढाच उपाय. निदान झाल्यावर ती जबाबदारी मी घेतली. तपासणीच्या आठवड्यात सुटी जुळवायची, गावी जायचे, आईला मागे बसवून शिरूरला न्यायचे, थेंबांच्या बाटल्या घ्यायच्या, तिला परत गावी सोडायचे, आणि तसेच चौफुल्यावरून केडगाव गाठायचे. थेंब गावातल्या दुकानात मिळत नसत. एसटी होती, पण ती भरून येई आणि दाराशी होणाऱ्या रेटारेटीत आई एकदा पडता पडता वाचली होती. म्हणून गाडी.

बॉक्स बसवल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला मी गेले तेव्हा आई तयार होऊन ओट्यावर बसली होती. जांभळी पाचवारी साडी, डोक्यावर पदर, हातात पिशवीत फाइल. ती गाडीपाशी आली, डाव्या बाजूला उभी राहिली आणि थांबली.

"आता बसू कशी गं?"

मी बॉक्सकडे पाहिले. तिचे पाय जिथे यायचे तिथे बॉक्स होता. पाय ठेवायची पट्टी गेली होती, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आले. पट्टी साडी गार्डलाच जोडलेली असते.

"दोन्हीकडे पाय टाकून बस ना, आई."

"ह्या वयात टांग टाकून बसू व्हय? तुझा चुलता बघतोय तिकडनं."

"बघू दे. जग बसतं."

"जगाचं जग बघंल."

ती तरी बसली, एका अंगानेच. बॉक्सच्या झाकणावर मांड्या, पाय अधांतरी, एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्याने बॉक्सची कडी धरलेली. गावाबाहेरच्या वळणापर्यंत आलो आणि तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी थांबले. ती उतरली, साडी झटकली.

"तू हो म्होरं. मी येते येष्टीनं."

"आई, पडशील गर्दीत."

"न्हाई पडत. मला काय नडत न्हाई."

त्या दिवशी ती खरेच एसटीने आली. मी शिरूरच्या स्टँडवर तिची वाट पाहत अर्धा तास उभी राहिले. दाब ठीक निघाला. थेंब घेतले. बाटलीवर मी मार्करने उघडण्याची तारीख घातली; ती माझी सवय आहे, प्रयोगशाळेत उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर ती घालावीच लागते. आईला सांगितले की महिना झाला की ही बाटली टाकायची आणि दुसरी उघडायची. ती हो म्हणाली. परत जातानाही ती एसटीने गेली. तिला गावी सोडून परतायचा माझा बराच वेळ वाचला, आणि त्या वेळात मी वाचन केले, हेही नोंदवले पाहिजे.

आमच्या घरात 'नडत नाही' हा शब्द फार वापरला जातो. आप्पा जेव्हा एखादी वस्तू नडते म्हणत, तेव्हा ती दुसऱ्या वस्तूच्या आड येते एवढाच अर्थ असे. आईच्या तोंडी त्याचा अर्थ नेमका उलटा होता. वडील गेले त्या वर्षी शेजारीपाजारी विचारायला येत, तेव्हा ती म्हणे, काय नडत न्हाई. मला वसतिगृहाला पाठवताना म्हणाली, काय नडत न्हाई. ती हा शब्द बोलते तेव्हा काहीतरी नडत असते, हे मला वयाच्या दहाव्या वर्षी कळत होते. तिशीच्या जवळ येता येता मी ते ज्ञान वापरणे सोडून दिले होते, कारण ते वापरले की काम वाढते.

पुढच्या तपासणीच्या आठवड्यात माझी तिसरी पाळी होती. मी फोन केला.

"आई, शुक्रवारी येऊ ना? डोळे दाखवायचेत."

"डॉक्टर न्हाईत म्हणं. गावाला गेल्यात."

"कुणी सांगितलं?"

"आगं त्यो गुरवाचा जाऊन आला ना, त्यानं."

"मग थेंब?"

"हायेत."

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय की. न दिसायला काय झालं?"

मी फोन ठेवला, आणि मला सुटल्यासारखे वाटले. हे लिहायला मला बरेच दिवस लागले. तिसऱ्या पाळीहून सकाळी येऊन, न झोपता गाडी काढून गावी जायचे नाही, हे कळताच माझ्या अंगावरून काहीतरी जड खाली उतरले. डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तो लावला नाही. प्रयोगशाळेत एखाद्या सहकाऱ्याने असा ऐकीव निकाल आणून दिला असता तर मी त्याला दाराबाहेर उभे केले असते. पुढच्या खेपेला आई म्हणाली, तोडणी आहे, फुलं थांबत नाहीत, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हणाले, बरं.

या मधल्या काळात मी दोनदा गावी जाऊन आले. दोन्ही वेळा आईने बॉक्स भरून दिले. एकात वांगी, मेथी, शेवग्याच्या शेंगा. दुसऱ्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "चांगलं हाय की गं तुझं हे कपाट," ती झाकण लावताना म्हणाली. टोमणा होता की कौतुक, मी विचार केला नाही.

तिसऱ्या वेळी मी तिच्या फडताळात डोकेदुखीची गोळी शोधत होते. गोळीच्या डब्यामागे थेंबांची बाटली होती. तिच्यावर माझे अक्षर होते. महिना संपल्यावर टाकून द्यायच्या त्या बाटलीत तळाशी अजून थेंब होते, आणि तारखेला पाच महिने होत आले होते. शेजारी दुसरी बाटली न उघडता तशीच होती. किती थेंब घालायला हवे होते, किती घातले गेले, हा हिशेब मला पापणी लवायच्या आत जमला. त्याचा काही उपयोग नव्हता.

"आई, हे रोज घालतेस?"

ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. वर पाहिले नाही. "घालते की. आठवन झाली की."

"आठवण झाली की म्हणजे?"

"एक दिवसाआड. दोन दिवसाआड. संपाय नगं म्हणून."

"संपलं तर आणता आलं असतं ना!"

"कोन आणणार?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, साधी विचारणा होती. "तू दमून येतीस. आल्यावर दोन घास खातीस न् पडतीस. तुला आन् सांगू व्हय, की उठ, मला येष्टीत बसवून दे?"

"गाडी होती ना."

"गाडीवर कुठं जागा हाय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. चुलत्यांच्या पिकअपमधून आम्ही शिरूरला गेलो. डॉक्टर गावाला गेले नव्हते. त्या शुक्रवारीही गेले नव्हते, हे मी त्यांच्या मदतनीस बाईंना विचारून घेतले, कशासाठी ते माहीत नाही. दाब वाढलेला निघाला. मग त्यांनी आईला एका अर्धगोल यंत्रात तोंड घालून बसवले. त्यात बारीक दिवे कुठेतरी लागतात आणि दिसला की हातातले बटण दाबायचे असते. आई ताठ बसली, परीक्षेला बसल्यासारखी. मी मागे स्टुलावर होते. दिवे लागताना मला दिसत होते. खालच्या बाजूचे दिवे लागत होते आणि तिचे बोट हलत नव्हते.

यंत्रातून कागद बाहेर आला. मी रोज आलेख वाचते, त्यामुळे डॉक्टरांनी समजावण्याआधीच मला तो कळला. उजव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या भागात करडे, आणि मग काळे. डाव्यात तशीच सुरुवात. डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवला. त्यात हा भाग जवळजवळ पांढरा होता.

"गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "आहे ते टिकवायचं. नियमित यायचं."

"व्हय साहेब," आई म्हणाली. "पर मला समदं दिसतंय."

"समोरचं दिसतं हो, मावशी. खालचं दिसत नाही. पायरी चुकते का? पायाखालचं काही?"

आईने फाइल पिशवीत घालायला घेतली. नंतर पिकअपमध्ये म्हणाली, ठिबकच्या नळीत पाय अडकून दोनदा पडले होते, पण रानात सगळेच पडतात.

केडगावला परतल्यावर मी गाडी आप्पांकडे नेली. "बॉक्स काढा. साडी गार्ड लावा."

त्यांनी मला काही म्हटले नाही. म्हणायला हवे होते, असे मला वाटले. ते खाली बसले, बोटाने कापलेली जागा चाचपली. "नुसता खोलला आसता तर पाच मिंटाचं काम व्हतं. आता कान नवं वेल्डिंग करायचं. तेवढी ताकद यायची न्हाई, पर चालंल." मग म्हणाले, "कोण बसणार हाय?"

"आई."

"मंग पट्टी जरा खाली घेतो. उतारवयाचं माणूस, गुडघं वर यायला नकोत."

वेल्डिंग थंड होईपर्यंत मी टायरच्या ढिगावर बसून राहिले. काय सुटे करता येते आणि काय कापून टाकावे लागते, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि मी सगळ्या बदलांना एकाच रकान्यात लिहीत आले, एवढेच तेव्हा माझ्या डोक्यात फिरत होते. काच, दिवे, होल्डर, गादी, सगळे कधीही निघू शकत होते. एकच बदल मागे न येणारा होता, आणि त्यालाच मी सर्वांत कमी वेळ दिला होता. पण हा विचार मला फार नीटनेटका वाटला, म्हणून मी तो पुढे नेला नाही. साडी गार्ड जागेवर असता तरी त्या शुक्रवारी मी दवाखान्यात फोन केला नसता. तेवढी मी दमले होते, आणि दमणे कमी करण्याच्या नावाखाली मी सहा महिने गाडीला वस्तू लावत बसले होते.

पुढच्या तपासणीला, सकाळी, मी गाडी ओट्यासमोर लावली. गाडी हलकी दिसत होती, मागून थोडी उघडी. नव्या जाळीचा काळा रंग जुन्या रंगाशी जुळत नव्हता. आईने हात लावून पाहिले.

"झालं व्हय तुझं कपाट मोडून?"

"बस."

तिने माझा खांदा धरला, सीटवर टेकली, आणि पाय खाली सोडला. पाय पट्टीच्या पुढे हवेत गेला, चाचपत मागे आला, मग टेकला. तिने चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

"उतर," मी म्हणाले. "परत बस."

"का?"

"बस तर."

दुसऱ्यांदा पाय पहिल्याच झटक्यात पट्टीवर पडला. तिसऱ्यांदा पुन्हा चुकला, टाच घसरली, आणि तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की नखे लागली.

"परीक्षा घ्यायला लागलीस का काय माझी?"

चुलत्यांच्या ट्रॉलीला मागून लावायची चमकणारी टेप त्यांच्या पडवीत होती. तिचा हातभर तुकडा कापून मी पट्टीच्या कडेला चिकटवला, लाल-पांढरा, वरून पाहिल्यावर ठळक दिसेल असा. मी गाडीला लावलेली ही बारावी वस्तू. पुन्हा तीनदा बसवले. दोनदा पाय बरोबर पडला. एकदा नाही.

"तीनपैकी दोन म्हंजी पास की," आई म्हणाली. "फस्क्लास."

"आमच्या लॅबमध्ये नाही पास."

"मग काय करती आता?"

मी किल्ली काढून खिशात टाकली. गाडी तिथेच ओट्यासमोर राहिली. फाइलची पिशवी मी घेतली, आणि आम्ही दोघी पायी स्टँडवर आलो. वाटेत तिने माझा हात धरला नाही. मी तिच्या अर्धे पाऊल मागे, उजव्या बाजूने चालले. त्या दिवशी रात्री मला पाळी होती, तिथे पोहोचायला किती वाजतील याचा अंदाज करणे मी मुद्दाम टाळले. एसटी आली. दाराशी आठ-दहा माणसे. मी त्यांना हाताने थांबवून आईला पुढे केले. पहिली पायरी उंच होती आणि तिची कड झिजून जमिनीच्या रंगाची झाली होती. मी तिच्या कमरेमागे हात धरला.

"इथं, आई. आणखी वर. हां, आता टेकव."

"ढकलू नकोस गं," ती म्हणाली. "सांग नुसतं."

मी हात मागे घेतला, आणि दुसरी पायरी सांगितली.